कोर्दोबाकाकूंचा पहिला तास

जर्मनीतल्या आखनच्या मराठी घरांत कुणी स्पेनची तिकिटं काढली, की कोर्दोबाकाकूंचा फोन यायचा. बातमी त्यांना कशी लागायची, कोण जाणे. "कोर्दोबाला किती दिवस?" एवढंच विचारायच्या. "एक" असं उत्तर आलं तर म्हणायच्या, "मग माद्रिदच्या विमानतळावरच बसून राहा. तेवढंच दिसेल." सल्ला देणं त्यांना जमत नसे. त्या हुकूम सोडत.

काकू मूळच्या मिरजेच्या. डीटर नावाच्या जर्मन माणसाशी लग्न करून इथे आल्या आणि एका प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या. दर ऑक्टोबरात दोघं कोर्दोबाला जायचे. डीटर गेल्यावर त्या एकट्या जाऊ लागल्या. आमच्या मराठी मंडळात भुवया उंचावल्या. एका वहिनींनी विचारलंच, "एकट्या? या वयात?" काकू म्हणाल्या, "डीटर गेला. गाव तिथेच आहे."

मी इंजिनियर आहे आणि आखणीशिवाय घराबाहेर पडत नाही. आमच्या पहिल्या सहलीआधी मी काकूंपुढे आराखडा ठेवला. एका दिवसात आठ ठिकाणं, प्रत्येकाला किती मिनिटं तेही लिहिलेलं. त्यांनी तो चहा पिता पिता वाचला. "अहो हिशेबनीस, हे फिरणं आहे की फॅक्टरीची शिफ्ट?" तेव्हापासून मी हिशेबनीस झालो. त्यांचा नियम सोपा होता. दिवसाला एकच गोष्ट बघायची, आणि तिचा पहिला तास गाठायचा. ती मोठी मशीद, जिच्या पोटात नंतर चर्च बांधलं, ती सकाळी उघडल्या उघडल्या गाठायची. त्या तासाला सहलींचे घोळके आत सोडत नाहीत. "कॅमेरा खिशात ठेवा. संत्र्यांच्या अंगणातून आत शिरा आणि खांबांमधून चालत राहा. कुठून आत आलो ते विसरलात की मशीद बघून झाली."

खाण्याच्या बाबतीत त्या जास्तच कडक होत्या. "नुसतं शाकाहारी म्हणून भागणार नाही. हॅम नको, ट्यूना नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. त्यांच्या लेखी हॅम म्हणजे मांस नाही, मीठ आहे." टोमॅटोचं दाट गार सार आणि वांग्याचे तळलेले काप, वर काकवीची धार, हे खाल्ल्याशिवाय परतायचं नाही. "आपलीच वांगी, आपलीच काकवी. दोघांची गाठ घालून द्यायला मात्र आपल्याला कोर्दोबाला जावं लागतं." आणि रात्रीचं जेवण नऊच्या आत नाही.

आम्ही अर्थातच जर्मन सवयीने साडेसहाला हॉटेलात पोचलो. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. मुलांना भुका लागल्या, मग नदीकाठी बसून घरून नेलेला चिवडा खाल्ला. परत आल्यावर काकूंना हे कळलं तेव्हा म्हणाल्या, "चिवडा खायला एवढं विमानाने कशाला? आखनचा बसस्टॉप काय वाईट होता?"

मग त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. पाणी मोजून प्यायचं. टोमॅटो, संत्री, काकवी, ज्यात पोटॅशियम जास्त ते सगळं बंद. म्हणजे त्यांचं अख्खं कोर्दोबाच बंद. लोक भेटायला येत आणि "बिचाऱ्या काकू" म्हणत. हा शब्द त्यांच्या डोक्यात जाई. "बिचारी असेन तर तीन दिवस. उरलेले चार दिवस मी कुणाची पेशंट नाही."

एकदा त्यांनी मला बोलावून घेतलं. कोर्दोबात डायलिसिसची सोय त्यांनी शोधली होती, क्रांकेनकासेची, म्हणजे आरोग्य विम्याची, मंजुरीही मिळवली होती. फक्त सोबत हवी होती. मी आकडे काढले. उन्हाचे, पाण्याचे, पोटॅशियमचे. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"गेनाऊ. तुमचे आकडे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "पण हे सगळे माझ्या रक्ताचे आकडे झाले. माझा त्यात एक तरी आहे का?"

मी तिकिटं काढली. ऑक्टोबरात आम्ही गेलो.

मशिदीत त्या काठी टेकत पहिल्या तासाला शिरल्या आणि तो तास संपेपर्यंत आम्हाला सापडल्या नाहीत. रात्री नऊनंतर टेबलावर बसून त्यांनी सगळं मागवलं, आमच्यासाठी. माझी मुलगी ईरा सार खात होती. "लसूण लागतोय का? नीट सांग." ईरा जर्मनमध्येच म्हणाली, "या, लेकर." काकू म्हणाल्या, "छान आहे ते मलाही माहीत आहे. लसणाचं सांग." मग ईराला मराठीत लसणाचं वर्णन करावं लागलं. इतकं मराठी ती एका दमात कधीच बोलली नव्हती. काकू डोळे मिटून ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डायलिसिसला सोडायला गेलो. मशीन सुरू झालं तशी त्यांनी पिशवीतून डबी काढली. आत आदल्या रात्रीचा वांग्याचा एक काप होता, काकवी लागलेला. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारलंय. मशीन चालू झाल्यावर, पहिल्या तासात, एवढासा चालतो. त्यातलं पोटॅशियम मशीनच काढून टाकतं." काप त्यांनी फार सावकाश खाल्ला. "बघा हिशेबनीस, इथेसुद्धा पहिलाच तास."

त्यानंतर आणखी दोन ऑक्टोबर त्यांनी असेच काढले. तिसऱ्याच्या थोडं आधी त्या गेल्या. अंत्यसंस्कारानंतर जो तो म्हणत होता, "बिचाऱ्या. शेवटी फार सोसलं." मला राग आला. मी मंडळातल्या सगळ्यांना शनिवारी आमच्या घरी जेवायला बोलावलं, काकूंच्या आठवणीसाठी. वेळ मुद्दामच सांगितली नाही.

लोक साडेसहाला आले. आत टेबलावर खुर्च्या उलट्या ठेवल्या होत्या. माझी बायको स्वयंपाकघरात वांगी चिरत होती, काकवीची बरणी अजून उघडलीही नव्हती. "एकट्या? या वयात?" विचारणाऱ्या त्याच वहिनी म्हणाल्या, "अहो, मुलं भुकेली आहेत. निदान काकूंच्या नावाने तरी वेळेवर वाढा."

"काकूंच्या नावानेच नऊ वाजता वाढणार आहे," मी म्हणालो. "तोवर बाहेर फिरून या. एकच गोष्ट बघा."