भुवया नसलेल्या बाईचा मोजा

आमच्या रबाळ्याच्या कारखान्यात हातमोजे बनतात. साधेसुधे नाहीत हां! पाठीवर जगप्रसिद्ध चित्रं छापलेली. कुठे सूर्यफुलं, कुठे निळी लाट, कुठे ती भुवया नसलेली, धड हसेना धड रडेना अशी बाई. थंड देशातल्या फॅशनेबल लोकांना मोबाईल चालवताना मोजा काढायचे कष्ट पडू नयेत, म्हणून बोटांच्या टोकाला चंदेरी दोऱ्याची वीण. त्या दोऱ्यामुळे स्क्रीनला बोट कळतं. मे महिन्यात पंखा गरम हवा फेकत असतो आणि आम्ही घाम पुसत त्या बिचाऱ्यांच्या थंडीची काळजी वाहतो.

ही वीण घालते राहीबाई. साताऱ्याकडची, राहते दिघ्यात. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर. बारा वर्षं सुई टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं निबर झालीत. तापलेला तवा नुसत्या हाताने उतरवते बाई!

मार्चमध्ये नवे मॅनेजर वरद सर आले. मॅनेजमेंट शिकलेले. हजेरीची वही म्हणे फारच जुनाट. म्हणून हॉलच्या दाराशी टॅबलेट लावला. आपल्या फोटोवर बोट ठेवा, हिरवी खूण. नाहीतर लाल. तीन लाल झाले की कामावरून कमी. किती सोपं!

स्क्रीन राहीबाईचं निबर बोट घेईना. तिने फुंकर मारली, पदराने पुसलं, खोबरेल लावलं. स्क्रीन ढिम्म.

"मावशी, जरा प्रेमाने टच करा ना," सर म्हणाले.

"सर, तुमी बघताय न्हवं? मी हितं समोर उभी हाय."

"मी बघून काय उपयोग? सिस्टीमला दिसलं पाहिजे."

लागोपाठ दोन दिवस लाल.

तिसऱ्या सकाळी ती दाराशी नुसतीच उभी राहिली. माझं टेबल तिथेच. मी माल तपासते, उरलेले दोरे बोटांनी उपटते, खराब निघालं ते पेटीत टाकते. पेटीत भुवया नसलेल्या बाईचा एक मोजा पडला होता. छपाई सरकून तिचं नाक गालावर गेलेलं.

"घाल गं," मी म्हटलं.

तिने घातला, बोट लावलं. टिंग! हिरवी खूण. बारा वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःचं काम वापरून बघितलं.

दुपारी सरांचं बोलावणं आलं. कॅमेऱ्यात दिसलं होतं. फेकायचा माल वापरला तरी ती चोरी, आणि मोज्याने लावलेली हजेरी खोटी! मोजा पिशवीत सीलबंद, वर चिठ्ठी 'पुरावा'. मीही मागोमाग गेले. मोजा मीच दिला होता, पण ते सांगायला माझं तोंड उघडेना. लाज वाटते आज.

सरांनी टॅबलेट पुढे सरकवला. "हा राजीनामा. इथे बोटाने सही करा, उद्यापासून येऊ नका."

राहीबाईने बोट ठेवलं, फिरवलं. काही नाही. सरांनी रुमालाने स्क्रीन पुसली. "परत करा." परत काही नाही.

"कागदावर करू का?"

"कागद सिस्टीममध्ये चालत नाही, मावशी."

"मग त्यो मोजा द्या," ती शांतपणे म्हणाली.

सरांनी पिशवी उचलली, सील फोडायला घेतलं आणि थांबले. मोज्याने केलेली सही खरी, तर मोज्याने लावलेली हजेरी खोटी कशी? एवढं मॅनेजमेंटमध्येसुद्धा शिकवत असावेत. बराच वेळ ते त्या वाकड्या नाकाच्या बाईकडे बघत बसले.

"जा, कामाला लागा," शेवटी म्हणाले.

तो मोजा आता दाराशी खिळ्याला टांगलेला असतो. राहीबाईपुरता. पण नंतर शिलाईच्या वेणूबाईने गुपचूप घातला, मग इस्त्रीच्या मालतीबाईने. दोरे उपटून उपटून माझीही बोटं निबर झालीत; काल स्क्रीनने माझं बोट घेतलं नाही. मी पुसलं, फुंकर मारली, दाबून बघितलं. मागे रांग खोळंबली होती.

राहीबाई पुढे आली, खिळ्यावरचा मोजा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"घाल गं सुचित्रा."