आईचं मुंबईतलं जेवण

बोईसरच्या घरात आज मुलीने लोण्यात लसूण परतून पास्ता केला. त्या वासाने मला आईचं मुंबईतलं जेवण आठवलं.

आईचे रिपोर्ट बघून मुंबईच्या डॉक्टरांनी मला नि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता उपाय नाही. घरी न्या." बाहेर आलो, तर आईने काहीच विचारलं नाही. समोरच्या इटालियन हॉटेलाकडे बोट करून म्हणाली, "भूक लागली हाय."

जन्मभर मुरबे गावात मासळी विकलेली आई चीजमधली कोलंबी चवीने खात होती. बाबा ताटलीत नुसता काटा फिरवत होते. हिला काहीच कळलेलं नाही, असं वाटून मी मनातल्या मनात तडफडत होते.

"तिखट तर नाय, मंग डोले का भरले तुमचे?" तिने बाबांना विचारलं. काट्याला कोलंबी टोचून त्यांच्या तोंडाशी नेली. "खावा. पुढं तुमालाच मला भरवायला लागंल."

बाबांनी मुकाट्याने तोंड उघडलं.