हिरव्या साडीचं चित्र

तुझं आवडतं चित्र कुठलं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. फक्त ते चित्र आता दाखवता येत नाही.

मंगळवार पेठेतल्या एका चित्रकलेच्या क्लासात मी फरशी पुसते. शाळा सहावीत सुटली, मग लग्न झालं आणि परभणीकडचं गाव सोडून नवऱ्याच्या फौंड्रीतल्या कामामागं इथं आलो. त्याचं काम सुटलं तेव्हा क्लासच्या सरांनीच विचारलं, "मावशी, पोरांपुढं बसाल का? नुसतं बसायचं, ती तुमचं चित्र काढतील." त्या बसण्यावर आमची चूल पेटती राहिली. हे उपकार मी विसरणार नाही. म्हणून तर पुढचं लिहिताना हात कचरतो. सरांनी वाचलं तर?

पहिल्या दिवशी मी हिरवी साडी नेसून गेले. गाव सोडताना मायनं दिलेली, लाल काठाची. चित्र निघणार म्हटल्यावर माणूस चांगलंच नेसणार ना! पोरांनी रंग लावायला घेतले आणि सर आले.

"ओ मावशी, लग्नाला आलायसा काय? उद्या रोजची नेसून या. फरशी पुसताना असते ती."

पोरं हसली. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी विटकी साडी नेसून बसले. सगळ्यांनी हिरवा रंग पुसून टाकला. एक पोरगा तेवढा राहिला, तो गावाकडं जत्रेला गेलता. परत आला तो शेवटच्या दिवशीच, त्यामुळं त्याच्या चित्रातली साडी हिरवीच राहिली.

सगळी चित्रं भिंतीला टेकवून सर म्हणाले, "सांगा मावशी, तुम्हाला कुठलं आवडलं?"

मी बघत गेले. माझा पदर जुना होता, फाटका नव्हता. चित्रांत मात्र तो फाटला होता. एकीनं तर ठिगळही लावलं होतं. डोळे असे, जणू कुणी भाकरी टाकेल म्हणून मी वाट बघतेय. आणि कडेला ते हिरवं. कान एकच काढलेला, हात अर्धवट. पण त्यात मी माझ्याच घरात बसल्यासारखी बसले होते. मी त्याच्याकडं बोट केलं.

"आवं मावशी, ते चुकलंय की!" ठिगळवाली म्हणाली.

"मावशींनी साडी बघितली, चित्र न्हाय," सर म्हणाले. परत हशा.

मला द्या, मायला पाठवायचंय, एवढंच म्हणायचं होतं. पण काम देणाऱ्याकडं आणखी काय मागायचं, म्हणून बादली उचलून फरशी पुसायला लागले.

पुढं प्रदर्शनात ठिगळाच्या चित्राला बक्षीस मिळालं. पेपरात छापून आलं आणि कुणाच्या तरी मोबाईलवरून गावापर्यंत पोचलं. मायचा फोन आला.

"काय गं, लुगडं इकलंस का?"

"नाही माय, पेटीत आहे."

"मग लोकांपुढं फाटकं कामून नेसलीस?"

"फाटकं नव्हतं गं. चित्रात तसं करतात."

"कोन करतं? तुझ्याच अंगावरचं करतं?"

दुसरं एक आहे, हिरव्या साडीतलं, असं सांगितलं. "मग ते दाखव," माय म्हणाली.

धीर करून त्या पोराला विचारलं. तो ओशाळला. कॅनव्हास महाग, म्हणून बिघडलेल्या चित्रावर पांढरा रंग देऊन ही पोरं त्यावरच नवं काढतात. त्यानंही तेच केलं होतं. आता तिथं जोतिबाचं देऊळ होतं, वर गुलाल उधळलेला.

"ह्याच्याच खाली हायसा तुम्ही, मावशी. शप्पथ."

देवळाचा फोटो मायला काय पाठवू? त्या संध्याकाळी पेटीतली साडी काढून नेसले, नवऱ्याला फोटो काढायला लावला आणि गावाकडं पाठवला.

मायनं तो शेजारच्यांच्या मोबाईलवर बघितला आणि लगेच फोन केला. म्हणाली, "आता मला दाखवायला नेसलीस व्हय?"