बाबांचा प्रयोग

बारावीनंतर मला थेट फ्लाइंग स्कूलला जायचं होतं. आईचं म्हणणं, आधी इथेच लखनौत बी.एस्सी. कर, मग काय उडायचं ते उड. स्वस्त विमानं तेव्हा सुरू झाली होती, पण आमच्या घरातलं कुणीच अजून विमानात बसलं नव्हतं. नागपूरला आजोळी जायचं ते रेल्वेनं, डब्यात पुऱ्या घेऊन. आई नेमकं तिथेच बोट ठेवायची. "ज्यात कधी बसली नाहीस, ते चालवणार?"

"मम्मी, प्लीज़ यार! सीखने ही तो जा रही हूँ!" चिडले की माझं मराठी आटायचं.

बाबा औषध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. पुराव्याशिवाय हा माणूस घरातला कुकरसुद्धा बदलायचा नाही. भांडण त्यांनी आपल्या पद्धतीनं मिटवलं. "प्रयोग करू. अमौसी विमानतळावरून दिल्लीला विमानानं जायचं, परत रेल्वेनं यायचं. घाबरलीस तर बी.एस्सी. करायचं; नाही घाबरलीस, तर मी अडवणार नाही."

आई लगेच कबूल झाली. लहानपणी आकाशपाळण्यात मी केलेली रडारड ती विसरली नव्हती.

विमान ढगांत शिरलं आणि गदागदा हलायला लागलं. मागे कुणीतरी मोठ्यानं देवाचं नाव घेऊ लागलं. मी खिडकीला नाक लावून पंख बघत होते. एवढा थोरला पंख, आणि चक्क लवत होता! मला इतका आनंद झाला की बाबांना दाखवायला वळले. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले, चेहरा पांढराफटक. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तो गार पडला होता. आता हे कसले हो म्हणतात!

परतीच्या गाडीत बाबा वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. काय ठरवलं ते विचारायचा धीर मला झाला नाही.

जानकीपुरमला घरी पोचलो तर आई दारातच. "मग? घाबरली ना?"

बाबा वाकून बुटाची नाडी सोडत राहिले. नुसती 'हो' म्हणून मान हलवली असती तरी आईला पुरलं असतं.

"घाबरलो मी," ते म्हणाले. "फार घाबरलो. ही नाही घाबरली."

"आणि तरी पाठवणार तिला?"

"निष्कर्ष आपल्याला आवडला नाही म्हणून बदलायचा का?"

मी नाचेन असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्या शेजारी बसून ढसाढसा रडले.

बाबा पुन्हा विमानात बसले नाहीत. ट्रेनिंगच्या काळात मला भेटायला ते रेल्वेनं यायचे, तेही दोनदा गाडी बदलून. धावपट्टीच्या कुंपणाची जाळी धरून उभे राहायचे. उतरल्यावर मी धावत जाऊन आधी त्यांचा हात हातात घ्यायचे. दर वेळी तो तसाच गार असायचा.