सरावातला दुश्मन

अली नाखवा राहायला पनवेलला, खाडीकडच्या मोहल्ल्यात, आणि त्याची होडी असायची उरणच्या मोरा धक्क्याला. त्याच्या आजाच्या काळी गलबतं थेट पनवेलपर्यंत यायची म्हणे. आता खाडीत गाळ भरलाय, त्यावर लोकांच्या घरचं प्लास्टिक. तेव्हा नाखव्याला आधी एसटी, मग मिनिडोर आणि मग दर्या, अशी नोकरदारासारखी वारी करावी लागायची. पण तो कुरकुरला नाही. कुरकुरण्याची कलाच त्याला अवगत नव्हती, आणि हेच त्याला पुढे भोवलं असं माझं मत आहे.

मुंबईवर समुद्रातून हल्ला झाला, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. किनाऱ्यावर सराव वाढले. दर्यातून शत्रू येणार, हेलिकॉप्टरं जवानांना घेऊन त्याच्या मागावर जाणार, दोर सोडून जवान खाली उतरणार आणि त्याला पकडणार. आता शत्रू म्हणून कुणीतरी हवाच. जवळच्या नौदलाच्या तळावरचे एक साहेब धक्क्यावर आले आणि कुणी होडीवाला मिळेल का म्हणून त्यांनी विचारलं. धक्क्यावरचे कोळी एकमेकांना कोपरखळ्या मारू लागले. कोळ्याची होडी म्हणजे घरची लेक. तिला हळदकुंकू लावायचं, नारळ द्यायचा, आणि तिलाच दुश्मनाची होडी म्हणवून घ्यायचं? कुणी पुढे होईना. तेव्हा कुमार, जो अलीच्याच होडीवर खलाशी होता, हसत म्हणाला, "आपला अली नाखवा हाय ना. दाढी बी तयार हाय."

सगळे हसले. अली सगळ्यांत जास्त हसला. कुणीतरी चोर झाल्याशिवाय पोलिसांचा खेळ होतो का, असं म्हणून तो तयार झाला. त्याच्या मनात काही नव्हतं. कुमारच्याही मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मनात काही नसलेल्या माणसांनीच निम्मं जग बिघडवलं आहे.

दुश्मन म्हणून अली चांगलाच निघाला. भरतीला तिवरांत होडी कशी घुसवायची, डोलकाठी पाडून वर फांद्या कशा टाकायच्या, ओहोटीला कुठल्या खाजणात पाणी उरतं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्याला शोधता शोधता जवानांच्या नाकी नऊ यायचे. मग ते मोठ्या पोटाचं हेलिकॉप्टर यायचं. आवाज आधी छातीत कळायचा, कानात मागून. खालचं पाणी ताटासारखं सपाट व्हायचं, तुषार डोळ्यांत जायचे आणि दोर खाली पडायचा.

पहिल्या की दुसऱ्या सरावात एका नवख्या जवानाने त्याला इतक्या जोरात आडवं केलं की पुढचा दात गेला. साहेबांना वाईट वाटलं. त्यांनी त्याला शिकवून ठेवलं की दोर दिसला रे दिसला की गुडघे टेकायचे, दोन्ही हात वर, बोटं पसरून. अलीने ते नमाजाइतकं पक्कं केलं. सराव कधी आहे हे बहुतेकदा आदल्या दिवशी फोनवर कळायचं, पण एकदोनदा काही न कळवताही सराव झाले होते. त्यातच खरी परीक्षा, असं साहेब म्हणायचे.

या सगळ्याच्या बदल्यात त्याला हवं होतं एकच. एकदा त्या हेलिकॉप्टरमध्ये बसायचं. पकडलेला म्हणून नव्हे, जवानांच्या बाकावर, त्यांच्यातला एक म्हणून. दर वेळी तो विचारायचा आणि साहेब हसून म्हणायचे, पुढच्या वेळी नक्की, नाखवा. घरी तो बायकोला, आसियाला, सांगायचा की मी वरून गेलो की तू गच्चीवर उभी राहा, मी हात करीन. आसिया म्हणायची, आधी दात बसवून घ्या.

अशी काही वर्षं गेली आणि एका हिवाळ्यात त्याच्या लेकीचं, हिबाचं, लग्न ठरलं. मुलगा नावेद पनवेलचाच, बापाचं भर बाजारात भांड्यांचं दुकान. पोरगी खुशीत होती. आणि एका सकाळी रेवसकडच्या बाजूला कुणाला तरी एक अनोळखी होडी दिसली. नाव नाही, नंबर नाही, माणसं बोलली नाहीत. तासाभरात राईचा पर्वत झाला, शाळा सोडल्या, धक्क्यावर पोलीस आले.

अली आणि कुमार पहाटेपासून पाण्यावर होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते धक्क्याकडे परतत असताना हेलिकॉप्टर खाली आलं. अलीला वाटलं, बिनसांगता सराव! कुमार ओरडला की अरे आज सराव नाय, जाळी हायत होडीत. पण पंख्याच्या आवाजात कोण कुणाचं ऐकतो. दोर दिसला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने शरीर आपोआप चाललं. नाखव्याने गुडघे टेकले, हात वर केले, बोटं पसरली. आणि हसला. आज आपण इतक्या पटकन सापडलो याचंच त्याला हसू आलं.

खाली उतरलेल्या जवानाने त्याला ओळखलं. तोही हसला असावा, पण त्याच्या तोंडावर फडकं होतं. वर काही बोलणं झालं आणि मग जवानाने अलीच्या अंगाला पट्टा बांधला. साहेब हेलिकॉप्टरमध्येच होते. रेवसकडे दिसलेली ती अनोळखी होडी लपली असेल तर कुठे, हे अलीइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी त्याला वर घेतलं ते वाट दाखवायला.

अशी त्याची इच्छा पुरी झाली. तो जवानांच्या बाकावर बसला, त्यांच्यातला एक म्हणून. बोट दाखवून त्याने एकेक खाजण, एकेक तिवराचं बेट सांगितलं. खाली त्याची होडी काडेपेटीएवढी दिसत होती. फिरता फिरता पनवेलच्या बाजूचा किनाराही दिसला, तेव्हा त्याने उगाचच त्या दिशेने हात केला. शेवटी ती होडी मिळाली आणि निघाली बंद पडलेल्या इंजिनाची, बाहेरगावच्या मच्छीमारांची. साहेबांनी पाठीवर थाप मारली, जे पाहिलं ते बोलायचं नाही एवढं बजावलं आणि तळाच्या मैदानात त्याला सोडलं. नाखवा पनवेलला उतरला तो जिलेबी घेऊनच.

मोहल्ल्यात त्याच्या आधी व्हॉट्सॲप पोचलं होतं. मुंबईच्या लाँचसाठी थांबलेल्या कुणीतरी धक्क्यावरून चित्रण केलं होतं. गुडघे टेकलेला, दाढीवाला, हात वर केलेला माणूस, आणि मग दोराने वर ओढला जाणारा. एवढंच. त्याच्या पुढचं कुणाच्या फोनमध्ये मावलं नाही. हिबाने तो व्हिडिओ बापापुढे धरला आणि विचारलं, "अब्बा, यात तुम्ही हसताय का?"

अलीने निरखून पाहिलं. हसत होता खरा.

आता गंमत पाहा. मोऱ्याला ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, ते दोन दिवसांत विसरले. कुमार तिथे सगळ्यांना खरं काय ते सांगत होता आणि धक्का त्याच्यावर विश्वास ठेवत होता. पण पनवेलला ज्यांनी फोनवर पाहिलं, ते काही केल्या विसरेनात. बाजारात लोक म्हणायचे, बघा कसा हसतोय बेशरम. नव्या पनवेलच्या सोसायट्यांतली गिऱ्हाइकं, जी त्याच्याकडून घरपोच पापलेट घ्यायची, ती एकाएकी शाकाहारी झाली. दीनानाथ म्हणून बँकेतले एक गृहस्थ होते, भले माणूस. त्यांनी अलीला फाटकातच विचारलं की नक्की काय झालं होतं. अली म्हणाला, मी त्यांना लपायच्या जागा दाखवल्या. दीनानाथांचा चेहरा पडला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं त्याच्या प्रत्येक खुलाशाचं होऊ लागलं. जागा तुला कशा माहीत? तर म्हणे, मी तिथे लपायचो. कशाला लपायचास? दुश्मन व्हायचो. आता हे ऐकून कोण शहाणा त्याला घरात घेईल?

तो तळावर गेला. जुने साहेब बदलून गेले होते. नव्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. अलीने विनंती केली की एकदा पनवेलला येऊन, मशिदीपाशी नाहीतर बाजारात, चार लोकांसमोर सांगा की हा आमचा माणूस आहे. साहेबांनी शांतपणे सांगितलं की कामगिरीबद्दल बाहेर बोलता येत नाही. आणि म्हणाले, "नाखवा, तुमच्यावर आरोपच नाही. मग निर्दोष आहात असं आम्ही सांगायचं तरी कशावरून?" त्यांचं चुकीचं काहीच नव्हतं. मला राग येतो तो याचाच, की या गोष्टीत चुकीचं कुणीच नाही.

नावेदचे वडील आले ते संध्याकाळी, टोपी नीट घालून, बरोबर दोन शहाणी माणसं घेऊन. त्यांनी आसियाची, हिबाची चौकशी केली. मग ते खाली बघून म्हणाले, "अलीभाई, तुम्ही नेक आदमी, अल्ला जाणतो. आमचा तुमच्यावर रत्तीभर शक नाय. पण दुकान भर रस्त्यावर हाय, गिऱ्हाईक सगळ्या जातीचं. तुमच्याकडे एकदा हेलिकॉप्टर आलं, उद्या आमच्याकडे जीप आली तर?"

अली भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने त्यांना दारापर्यंत पोचवलं. ज्यांनी त्याला उचलून नेलं त्यांनी त्याला सोडून दिलं होतं, आणि ज्यांचा शक नव्हता ते पोरीचं लग्न मोडून चालले होते. हिबा आतल्या खोलीत होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्यानंतर ती बापाशी बोलायची, ताट वाढायची, पण डोळ्याला डोळा भिडवत नसे.

आसिया मात्र बोलली. तिने साठलेलं सगळं एका वाक्यात टाकलं, "धक्क्यावर एवढी माणसं होती, एक पण दुश्मन व्हायला तयार नव्हता. तुम्हालाच काय हौस होती?" अलीजवळ उत्तर होतं. पण उत्तर असं होतं की त्याला तेव्हा वाटलं होतं, आपण त्यांच्यातलेच आहोत, आपल्याला काय फरक पडतो. हे बायकोला सांगायची त्याला लाज वाटली.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा सराव लागला. फोन आला नाही. कुमारने येऊन सांगितलं की या खेपेला तळावरचाच एक जवान दुश्मन झाला, पनवेलच्या नाटकवाल्याकडून भाड्याने आणलेली दाढी लावून. कुमारला वाटलं, हे ऐकून नाखवा हसेल. नाखवा जाळं विणत राहिला. मग कुमारच म्हणाला, "माजी चूक झाली रं. त्या दिवशी मीच बोललो." अलीने त्याला चहा पाजला आणि तो विषय काढू नको म्हणाला.

त्याच संध्याकाळी तो मासळीची पिशवी घेऊन घरी येत होता. कोपऱ्यावरच्या चाळीची मुलं खेळत होती. दोन-तीन दिवस डोक्यावरून हेलिकॉप्टरं जात होती, त्यामुळे खेळही तोच. दोघं हात पसरून घुर्र करत पळत होते, बाकीचे जवान. अलीला क्षणभर बरं वाटलं. पोरांना खेळ कळलाय, असं त्याच्या मनात आलं, म्हणून तो थांबला.

त्यांचं भांडण चाललं होतं. मोठी पोरं एका बारक्याला पुढे ढकलत होती. आज तू अली, म्हणत होती. काल पण मीच होतो, असं तो रडवेल्या आवाजात सांगत होता. त्यांच्यापैकी कुणी नाखव्याला ओळखत नव्हतं. आपल्याकडे चोर-पोलिसात एक चोर असतो ना, तसा त्यांच्याकडे एक अली होता. ते चोराचं नाव होतं, बस्स. बारक्याने पाय आपटले आणि जवळ कुणी मोठं माणूस दिसलं म्हणून त्याच्याकडेच तक्रार केली, "काका, मला नाय अली व्हायचं."

अलीने पिशवी खाली ठेवली. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मला पण नाय व्हायचं, बेटा," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून घरी गेला.