पायवाटेला दिलेलं मत

आमच्या घराण्यात थोरल्याला जमीन, मधल्याला फौज आणि ज्याचं कशातच काही धड नाही त्याला पार्लमेंट, अशी वाटणी होती. मी तिसरा. वडील अर्ल, म्हणजे बडे सरदार, आणि आमच्या थॉर्नवेल मतदारसंघातले निम्मे मतदार त्यांची कुळं. त्यामुळे निवडून येण्यात माझं कर्तृत्व एवढंच, की मतमोजणीला मी वेळेवर पोचलो.

पुढची अकरा वर्षं सभागृहात तोंड उघडलं ते जांभई द्यायला. एकदा उभा राहिलो होतो, पण खिडकी लावायला. सभापतींनी "बोला" म्हटल्यावर घाबरून खाली बसलो.

मग पायवाटांचं विधेयक आलं. जुन्या वाटा जमीनदारांना बंद करता येऊ नयेत, असं त्यात होतं. आमच्या रानातल्या वाटेवर वडिलांनी फाटक बसवून कुलूप घातलं होतं. गावातली पोरं तीन मैलांचा वळसा घालून शाळेत जात.

"विरोधात मत दे. एवढं तरी जमेल ना?" वडील म्हणाले.

"जमेल की."

आमच्या सभागृहात मत द्यायचं म्हणजे चालायचं. बाजूचे एका दालनातून, विरोधातले दुसऱ्या दालनातून जातात आणि दारात डोकी मोजतात. त्या दिवशी माझा मित्र हंफ्री बॅसेट त्याच्या कुत्रीच्या सात पिल्लांचं वर्णन करत होता. सातव्या पिल्लाचं वर्णन संपेपर्यंत आम्ही दाराबाहेर आलो. हंफ्री विधेयकाच्या बाजूचा होता, हे तेव्हा आठवलं.

विधेयक एका मताने मंजूर झालं.

चूक झाली, असं मी वडिलांना कळवलं. उत्तर आलं, "मुद्दाम केलं असतंस, तर निदान मान दिला असता."

गावात मात्र वाजतगाजत स्वागत. घोडे सोडून माणसांनीच माझी गाडी ओढली. पोरं टोप्या उडवत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंडळी," मी म्हटलं, "मला विरोधातच मत द्यायचं होतं. दालन चुकलं."

"काय विनय आहे!" लोक म्हणाले आणि आणखी जोरात ओरडले.

फक्त हॅना टफिन ओरडली नाही. आमच्याकडे तीस वर्षं कपडे धुतलेली बाई. जवळ येऊन म्हणाली, "खरं बोलताय ना, धाकले सरकार?"

"अगदी खरं."

"वाटलंच मला. तुम्हाला डावं-उजवं कधी कळलंच नाही. बरं, आता काय करणार? कायदा झाला, पण कुलूप तसंच आहे."

मी लोहाराकडून हातोडा मागून घेतला आणि रानाकडे निघालो. मागोमाग सगळं गाव. पहिला घाव फाटकावर बसला, दुसरा माझ्या अंगठ्यावर. तिसऱ्याला कुलूप तुटलं. रानाचा राखणदार टोपी काढून गुपचूप बाजूला झाला.

"हे तरी मुद्दाम केलंत ना?" फडक्याने अंगठा बांधताना हॅनाने विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि मलाच आश्चर्य वाटलं.

पुढच्या निवडणुकीला वडिलांनी माझ्या जागी चुलतभावाला उभं केलं. तो बिनविरोध आला.