उताराची जागा

आज सांगलीच्या मिस्त्रींनी आमच्या जुन्या इटालियन हॅचबॅकला स्टार्टर बसवला. दार उघडताच तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा वास आला, आणि साताऱ्यातली ती सकाळ आठवली.

तेव्हाही स्टार्टर गेलेला होता आणि नवा मिळत नव्हता. फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील, दादा, गाडी नेहमी उतारावर लावत. घरंगळली की सुरू होई. त्यांनी शिकवलं म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. नोकरी लागली, तेव्हा कौतुकानं गाडी खाली चौकात, सगळ्यांना दिसेल अशी लावली. सकाळी रुजू व्हायला निघालो, तर तिथं उतारच नाही.

"कालिजात गाडी लावायला न्हाई व्हय शिकवलं?" दादा हसले. "बस आत. ढकलतो."

"दादा, एसटीनं जातो की."

"पयल्या दिवशी गाडीतनंच जायाचं, सायेब!"

इंजिन सुरू झालं. आरशात दादा छाती धरून खाली बसताना दिसले. दम लागला असेल, असं वाटलं. आणि थांबलो तर गाडी बंद पडेल, म्हणून थांबलो नाही. संध्याकाळी परतलो तेव्हा दादा राहिले नव्हते.

आज किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली.

"आता कुटंबी थांबा, सायेब," मिस्त्री म्हणाले. "काळजी न्हाई."